स्नेहमेळाव्याला कोणाला बोलवायचे: दहावीच्या निकालातल्यांना की पहिलीच्या हजेरीतल्यांना?

येरळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

आमच्या दहावीच्या तुकडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी गावच्या शाळेतच स्नेहमेळावा भरवायचे ठरले आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि आठवीपासून गावातलेच हायस्कूल, अशी आमची सारी शाळा एका वेशीच्या आत झाली. १९७५ च्या मार्चमध्ये नव्या अभ्यासक्रमाची दहावीची पहिली परीक्षा झाली, ती देणारे आम्ही. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची तुकडीही बाहेर पडली. मेळाव्याच्या निमित्ताने एक स्मरणिका निघणार असून तिच्यात आपल्या, आपल्या आईवडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या शाळकरी वयाचा एक विभाग असावा असे सर्वांचे मत पडले आणि ते काम माझ्याकडे आले.

गेल्या दोन महिन्यांत आठवणींचा पाऊस पडला. आजोबांच्या पिढीने धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवली, वडिलांनी दगडी पाटीवर आणि पुढे बोरूने कित्ता गिरवला, आमच्या हातात पत्र्याची पाटी आली. पाटी ओल्या फडक्याने पुसून हवेत हलवायची आणि "चिमणी चिमणी वारा घाल, कावळ्या कावळ्या पाणी दे" असे म्हणायचे, हे मात्र तिन्ही पिढ्यांनी लिहून पाठवले आहे. दिवेलागणीच्या परवच्यात वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घडाघडा म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज घरात सांगावे लागते. मण, शेर, पावशेर आणि सोळा आण्यांचा रुपया यांच्या हिशेबाला ते पाढे लागत. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि वडिलांच्या जिभेवरचे ते गणित आमच्यापर्यंत केवळ एक लय म्हणून पोहोचले. हे सारे मी प्रेमाने उतरवून घेतले आहे आणि स्मरणिकेत ते येणारच आहे.

त्यातच एकाने विटी-दांडूची मोजणी लिहून पाठवली: वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू. यातले पहिले काही शब्द तेलुगूतील एक, दोन, तीन, चार यांच्याशी किती जुळतात हे मला पुढे नोकरीनिमित्त हैदराबादला गेल्यावर कळले. कोणत्या पिढीत कोण वाटसरू हे अंक आमच्या माळावर ठेवून गेला कोणास ठाऊक; माझ्या आजोबांनीही त्याच अंकांनी विटी मोजली होती. ही ओळ वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच मुलगा उभा राहिला, कारण 'झकू'पर्यंत न चुकता जाणारा आमच्यात तो एकटाच होता. तो चौथीत शाळेतून गेला. आलेल्या चाळीस-पन्नास पानांत त्याचे नाव कुठेच नाही, आणि माझ्या स्वतःच्या लेखाच्या पहिल्या खर्ड्यातही नव्हते.

म्हणून मी शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने जनरल रजिस्टर पाहिले. कापडी पुठ्ठ्याचे, कडा उंदरांनी कुरतडलेले, एका हाताने न पेलणारे ते रजिस्टर खिडकीशी ठेवून मी १९६५ च्या जूनचे पान काढले. निळ्या शाईतली नावे, जात, जन्मगाव, जन्मतारीख, पालकाचा व्यवसाय. शेवटच्या दोन रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण. पहिलीला आम्ही एक्केचाळीस जण होतो. दहावीच्या निकालाच्या कागदावर त्या एक्केचाळीसांतले चौदा आहेत. दहावीच्या वर्गातले बाकीचे आजूबाजूच्या वाड्यांतून आठवीला आलेले. सत्तावीस नावांपुढे कारणाच्या रकान्यात तीनच वाक्ये आलटून पालटून येतात: "सतत गैरहजर", "परगावी गेल्यामुळे", "पालकाच्या विनंतीवरून".

यातले एक नाव मला पानावर शोधावे लागले नाही, कारण ते कुठे असणार हे मला माहीत होते. मुलींची नावे मुलांच्या नंतर लिहीत, त्यात ती पहिली. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आमच्या वर्गातून जे तिघे बसले त्यांत ती होती आणि गणितात ती आमच्या सर्वांच्या पुढे होती. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही आठवीत होतो. विहिरींचे तळ दिसू लागले, बैल छावणीला गेले, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी आली, जिची भाकरी थापताना मोडे आणि जिचा वास आजही नाकात आहे. गावाबाहेर पाझर तलावाचे आणि रस्त्याचे काम निघाले. दुपारी तिथे मजुरांना सुकडी वाटत, म्हणून शाळा सुटली की आम्ही मुले त्या बाजूला रेंगाळत असू. एके दिवशी मी खडीच्या ढिगापाशी तिला पाहिले. डोक्यावर आईचे जुने लुगडे फाडून केलेला फडका, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पायाच्या अंगठ्याने दगड दाबून धरून ती हातोडी मारत होती. मला पाहून तिने हातोडी खाली ठेवली आणि विचारले, "गणिताचं कुठवर आलं?" मी सांगितले. ती म्हणाली, "तेवढं मला जमंल," आणि ओच्यातली सुकडी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. तिच्या नावापुढच्या रकान्यात "सतत गैरहजर" असे लिहिले आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे. दहावी पास झालेल्यांनी एकमेकांना बोलवायचे आणि आपले बालपण किती सुखाचे होते हे सांगायचे, तर ते बालपण अपुऱ्या माणसांचे होते. माझ्या मते निमंत्रणाची यादी १९६५ च्या पहिलीच्या पटावरून करावी आणि आठवीला आलेल्यांची नावे तीत मिळवावीत. आमच्या मंडळींत यावर दोन मते आहेत. ज्यांनी असे मेळावे भरवले आहेत किंवा ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अशा आठवणी आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शेवटची अकरावी

त्याच वर्षी बाहेर पडलेल्या शेवटच्या अकरावीतला मी एक, म्हणून लगेच लिहितो. तुमच्या यादीत आम्हालाही घ्या, ही विनंती आहेच. पण आमच्यापुरता तुमचा मुद्दा आणखी एका बाजूने खरा आहे. जो त्या मार्चमध्ये नापास झाला त्याच्या मागे वर्गच उरला नव्हता. पुन्हा बसायचे तर एकट्याने, घरी अभ्यास करून. आमच्या वर्गातले काहीजण या धास्तीनेच परीक्षेपासून दूर राहिले. त्यांना आम्ही आजपर्यंत "अकरावी नापास" असेच म्हणत आलो, आमचे सोबती असे कधी म्हटले नाही.

सूरपारंब्या

धागाकर्त्यांच्या भावनेबद्दल आदर आहे, परंतु माझा अनुभव वेगळा आहे आणि तो सांगणे मला गरजेचे वाटते.

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा असाच मेळावा झाला. गाव आणि शाळा यांची नावे मी लिहीत नाही. पाचवीत शाळा सोडलेल्या एका मित्राला मी स्वतः घरी जाऊन आग्रहाने बोलावले. तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, टोपी नीट करून वेळेआधी अर्धा तास येऊन बसला. मग ओळखीचा कार्यक्रम सुरू झाला. एकेकाने माईक हातात घेतला आणि नाव सांगितल्याबरोबर हुद्दा सांगितला: निवृत्त उपअभियंता, निवृत्त शाखाधिकारी, मुलगा अमेरिकेत, मुलगी डॉक्टर. रांगेने तो माईक त्याच्याकडे सरकत येत होता आणि तो दर वेळी खुर्ची किंचित मागे घेत होता, हे मी समोरून पाहत होतो. माईक हातात आल्यावर तो म्हणाला, "मी हितंच असतो." एवढेच बोलून त्याने माईक पुढे दिला. जेवणाची पंगत बसली तेव्हा तो गेलेला होता. त्यानंतर तो रस्त्यात भेटला तर रामराम करतो, पण पूर्वी पाठीवर थाप मारायचा ती मारत नाही. माझ्या हातून एक मैत्री गेली, याची मला फार खंत आहे.

बोलावणे म्हणजे मान देणे असे आपल्याला वाटते. बोलावलेल्याला काय वाटेल ते आपल्याला ठरवता येत नाही. आठवणी काढायला जमलेल्या माणसांना त्या दिवशी आनंदात राहू द्यावे, असेही मला वाटते.

निवृत्त गुरुजी

मी वयाची पंच्याऐंशी ओलांडली आहे. नातू टंकलिहून देत आहे. ज्या रकान्याविषयी येरळाकाठ यांनी लिहिले तो रकाना मी अनेक वर्षे माझ्या हाताने भरला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

त्या रजिस्टरातल्या जन्मतारखा पाहा. निम्म्याहून अधिक मुलांचा जन्म १ जूनचा आढळेल. जन्माची नोंद बहुतेकांकडे नसे. आई सांगे, "रोहिणीच्या पावसात झाला" किंवा "कोयनेच्या धरणीकंपाच्या वक्ताला रांगत होता". मग आम्ही मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत असू. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचे झाले असे धरायचे आणि जून महिन्यात शाळा सुरू होते म्हणून १ जून लिहायचे. पुढे हीच मुले नोकरीत लागली आणि एकाच दिवशी, ३१ मे रोजी, निवृत्त झाली. कान धरताना काही मुले मान वाकडी करीत, कारण त्यांना शाळेत यायचे असे. ती वाकडी मान मला दिसे आणि मी काही बोलत नसे.

दुसरी गोष्ट कारणाच्या रकान्याची. "सतत गैरहजर" हे मीच लिहीत असे. मूल का येत नाही हे मला ठाऊक असे. कोणी गुरे राखायला लागलेला असे, कोणाला सालाने ठेवलेले असे, एखादीचे लग्न ठरलेले असे. परंतु त्या रकान्यात दुष्काळ, सालगडी किंवा लग्न असे लिहिण्याची रीत नव्हती. घरी जाऊन मी वडिलांची समजूत घालीत असे. दहांत दोन वेळा यश येई. उरलेल्या आठांची नावे मला आजही पाठ आहेत आणि ज्यांना मी पुढे पाठवले त्यांतली पुष्कळ विसरलो आहे.

माझे वडीलही प्राथमिक शिक्षक होते. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, झाले आणि लोकल बोर्डाच्या शाळेत लागले. ते आम्हाला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगाविषयी सांगत. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभे राहिले. सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्यांच्या नावापुढे माझ्यासारख्याने "सतत गैरहजर" लिहिले असते, नेमकी तीच मुले त्या माउलीने पोटाशी धरली. आमच्या जिल्ह्यात हे घडून गेलेले असताना मेळाव्याची यादी निकालाच्या कागदावरून व्हावी, हे मला पटत नाही.

सूरपारंब्या यांच्या मित्राचे वाचून वाईट वाटले. त्यात चूक बोलावण्याची नाही, माईकची आहे. ओळख करून द्यायची तर ज्याने त्याने शेजाऱ्याची द्यावी, आणि तीही शाळेतल्या दिवसांची.

गिरणगावकर

आमची शाळा परळची, महानगरपालिकेची, दुपारच्या पाळीची. आमच्या वर्गातून मुले गेली ती एकदम गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पहिले काही आठवडे चाळीत सुट्टीसारखे वाटत होते, वडील दुपारी घरी असत आणि आम्हाला पत्ते शिकवत. मग एकेका खोलीतली ट्रंक गॅलरीत येऊ लागली. ट्रंक आली की आम्हाला कळे की उद्या बाकावर एक जागा रिकामी होणार. कोणी रत्नागिरीला गेला, कोणी सिंधुदुर्गात, आणि कितीतरी जण तुमच्याच साताऱ्याकडे. परीक्षा तोंडावर आलेली असूनही कोणी थांबले नाही. माझ्या शेजारचा मुलगा जाताना माझी कंपासपेटी परत करायला आला आणि तिच्यात त्याने आपला करकटक ठेवून दिला, कारण गावाकडे नेऊन तो काय करणार होता.

आमच्या तुकडीने दोन वर्षांपूर्वी मेळावा केला, तेव्हा या गेलेल्या मुलांना शोधायचे आम्ही ठरवले. पत्ते नव्हतेच, गावाचे नाव आणि वडिलांची गिरणी एवढेच आठवत होते. तरीही गावोगावच्या मुंबईकर मंडळांकडे विचारपूस करून सहा जण मिळाले आणि सहाही आले. तुम्हाला शोधायचे असेल तर आधी गिरणगावातल्या तुमच्या गावच्या गाळ्यावर विचारा. खटाव-माणची अनेक गावे आपापल्या खोल्या राखून होती, तिथे जुनी नावे अजून कोणाच्या तरी वहीत असतात.

शिवसागर

आमच्या गावाचे रजिस्टरच नाही, कारण गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेले. आम्ही कुटुंबे उठलो, कोणी ठाणे जिल्ह्यात तर कोणी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात नेऊन बसवली. वर्ग असा फुटला की दोन मुले एका नव्या गावात असली तरी नशीब म्हणायचे. वडील सांगत की उन्हाळ्यात पाणी फार उतरले की देवळाचा चौथरा वर येतो आणि त्याच्या डाव्या हाताला शाळा होती. तुमच्याकडे ते पान शाबूत आहे, तर त्या पानावरची सर्व नावे निदान एकदा मोठ्याने वाचली जावीत, एवढेच म्हणतो.

मांडवीकाठ

गोव्यातली आमची गोष्ट थोडी उलटी आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझ्या आईच्या पहिलीच्या वर्गात सहा वर्षांच्या मुलीशेजारी बारा वर्षांचा मुलगा बसत असे, कारण त्याआधी त्यांच्या वाड्यावर शाळाच नव्हती. आई आठ वर्षांची होती. मोठी मुले अक्षरओळख झाली, हिशेब जमू लागला की दोन-तीन वर्षांत कामाला गेली. आईच्या दृष्टीने ती शाळेतून गळलेली नव्हती. जेवढे न्यायला आली होती तेवढे घेऊन गेली होती. बारा वर्षांचा तो मुलगा पुढे खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतल्या) मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचा, हिशेब स्वतः लिहू लागला आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. म्हणून शाळा सोडलेल्यांना बोलावताना त्यांच्याकडे काहीतरी राहून गेलेली माणसे म्हणून पाहू नका, अशी माझी विनंती आहे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि आठवणींच्या या धाग्यात आजचे लिहावे की नाही, या विचाराने दोन दिवस थांबले. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि घरी म्हातारे माणूस नसेल तर मुलेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जातात. ती उन्हाळा लागता लागता परततात. पटावर नाव असते, बाक मोकळा असतो. येरळाकाठ यांच्या वर्गातली मुलगी एका दुष्काळाने खडीवर गेली. माझ्या मुली दर वर्षी जातात.

निवृत्त गुरुजींचे वाचल्यावर मी एक गोष्ट सुरू केली आहे. रजिस्टरात रीतीप्रमाणे जे लिहायचे ते लिहितेच, पण माझ्या स्वतःच्या वहीत प्रत्येक मुलापुढे खरे कारण, कारखान्याचा पट्टा आणि मुकादमाच्या गावाचे नाव लिहून ठेवते. पुढे कधी या मुलांनी मेळावा भरवायचे मनात आणले, तर त्यांना एकमेकांना शोधता यावे.

मोठी नात

माझी आजी आज अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला हा सगळा धागा मी वाचून दाखवला. ती दुसरीपर्यंत शिकली. शाळेत जाताना धाकटा भाऊ कडेवर असे. त्याला बाकाखाली गोणपाटावर बसवून ती अक्षरे गिरवत असे आणि तो रडू लागला की गुरुजी तिला बाहेर पाठवत. "चिमणी चिमणी वारा घाल" ऐकताच तिने उजवा हात उचलला आणि पाटी हलवल्यासारखा हवेत हलवला. मग म्हणाली, "माझी पाटी तुझ्या थोरल्या आजोबाला गेली." थोरले आजोबा म्हणजे तोच कडेवरचा भाऊ. तो पुढे शिकला, तालुक्याच्या कचेरीत लागला. त्याच्या शाळेचा मेळावा झाला तेव्हा तो तिला बरोबर घेऊन गेला नव्हता, आणि तिला न्यावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते.

सूरपारंब्या

गुरुजी, आपले म्हणणे मला पटले. शेजाऱ्याने ओळख द्यायची ही रीत आम्हाला तेव्हा सुचली असती तर माझ्या मित्राची ओळख मी दिली असती. पारंबीला उलटे लटकून तो एका दमात तिन्हीसांजेपर्यंत कसा राहत असे आणि पुरात वाहून चाललेली शाळेची घंटा त्याने कशी काढली, हे मला सांगता आले असते. पुढच्या आठवड्यात गावी जात आहे, तेव्हा त्याच्या घरी जाऊन येतो. मांडवीकाठ यांनी लिहिले आहे तेही लक्षात ठेवीन.

येरळाकाठ

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल ऋणी आहे. सर्व प्रतिसाद छापून काढून मी आमच्या मंडळींपुढे वाचले. शेवटची अकरावी यांचे आणि गुरुजींचे वाचून झाल्यावर विरोध उरला नाही. यादी १९६५ च्या पटावरून करायची ठरली आहे, तिच्यात आठवीला आलेले आणि त्या वर्षीची अकरावी मिळवली आहे. ओळख शेजाऱ्याने द्यायची, हुद्दा कोणी सांगायचा नाही. स्मरणिकेत धूळपाटी, औटकी, विटी-दांडू हे सर्व राहील. पण विभागाच्या पहिल्या पानावर एक्केचाळीस नावे पटावरच्या क्रमाने येतील, आणि ज्यांच्याकडून परवानगी मिळेल त्यांच्यापुढे शाळा सोडण्याचे त्यांनी स्वतः सांगितलेले कारण.

सत्तावीसपैकी आजवर सोळा जणांचा पत्ता लागला आहे. त्यांतले पाच जण हयात नाहीत. गिरणगावकर यांच्या सांगण्याप्रमाणे गावच्या गाळ्यावर चौकशी केली, तिथल्या जुन्या वहीत तिघांची नावे निघाली. त्यांत विटी-दांडूचा तो आमचा गडीही आहे. चौथीत असताना काकाबरोबर मुंबईला गेला, गिरणीत लागला, संपानंतर माघारी न येता भिवंडीला यंत्रमागावर गेला. त्याच्या मुलाशी बोललो. मुलाला सातही अंक तोंडपाठ आहेत.

आणि ती. ती कोरेगाव तालुक्यात दिलेली, तिथेच असते. तिच्या सुनेने फोन लावून दिला. मी नाव सांगितले, ते तिला लगेच लागले नाही. मग खडीच्या ढिगाची आठवण दिली, तशी ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. सुकडीचे तिला आठवत नव्हते. तिने विचारले, "पहिलीचे गुरुजी हायती का?" मी सांगितले की ते गेले, मात्र तिसरीचे गुरुजी आहेत, नव्वदीला आले आहेत आणि येणार आहेत. "मग हजेरी घेणार का?" असे तिने विचारले. हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलेला नव्हता. मी घेऊ म्हणालो. ती म्हणाली, "माझा नंबर अठ्ठावीस. मुलींत पहिला."

रजिस्टर पुन्हा पाहिले. अठ्ठावीसच आहे.

तेव्हा कार्यक्रम असा ठरला आहे: सकाळी दहा वाजता सर्वांनी जमायचे, साडेदहाला गुरुजी १९६५ च्या पटावरून हजेरी घेतील. जे गेले आहेत आणि ज्यांचा पत्ता लागलेला नाही, त्यांचीही नावे पुकारली जातील. खटाव, माण, कोरेगाव किंवा मुंबईकडे असलेल्या कोणाला उरलेल्या अकरा जणांविषयी काही ठाऊक असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. नावे मी इथे जाहीर लिहीत नाही.